सीनाकाठचं काळं रान, थंडी आणि आजोबांची २८ इंची सायकल: मडगार्ड काढू की ठेवू?

जॉबरचा नातू
७ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण आधी थोडं रामायण ऐकून घ्यावं लागेल.

आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते. भोंगा व्हायच्या आत गेटवर पोचायचं, म्हणून घेतलेली ही सायकल. २८ इंची चाकं, सळीचे ब्रेक, चामडी सीट, मागे अठरा दात्यांचा फ्रीव्हील. गिअर वगैरे भानगड नाही. मिल गेली, आजोबाही गेले, सायकल माळ्यावर उरली. दिवाळीत खाली काढून ओव्हरहॉलिंग केलं. बेअरिंगचे छर्रे नवे, टायर-ट्यूब नवे. डांबरीवर लोण्यासारखी पळते.

पण विजापूर रोडवर ट्रकांच्या वाऱ्यात मला ती चालवायची नाही. माझ्या डोक्यात आहे ते असं: वडकबाळला सीना ओलांडली की हायवे सोडायचा, आणि नदीच्या अंगाने पाणंदी-पाणंदीने हत्तरसंग कुडल गाठायचं. सीना आणि भीमेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि तिथल्या तुळईवरचा शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख. इतकी वर्षं सोलापुरात काढून मी तो बघितलेला नाही.

मागच्या रविवारी निघालो. पहाटे साडेसहा, दोन स्वेटर, कानटोपी. जानेवारीत कसला आलाय चिखल, असं समजून. हायवे सोडून दोन किलोमीटर गेलो नसेन, उसाचं पाणी फुटून पाणंदीत आलेलं. त्यात ऊसवाल्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गुडघाभर. आधी चर्र आवाज आला, मग सायकल जड झाली, मग पुढचं चाक फिरायचंच थांबलं. खाली वाकून बघतो तर टायर आणि मडगार्डच्या मध्ये काळ्या मातीची पेंड बसलेली, पाचट मळून, कोबा केल्यासारखी. बोटाने निघेना. बाभळीची काडी घातली, ती मोडली. शेवटी घराच्या किल्लीने कोरली. वीस पावलं चाललो, परत तेच. ढकलता येईना म्हणून खांद्यावर घेतली, तर माती धरून ती दीडपट झालेली. बांधावर एक आजी शेळ्या घेऊन उभी होती. म्हणाली, "लेकरा, सायकल बिघडलीय का तू?"

वडकबाळच्या चहाच्या टपरीपर्यंत परत यायला दीड तास गेला. बोटं इतकी गारठलेली की ब्रेकची सळी हातात धरलीय की नाही ते कळत नव्हतं. शिवाय येताना उजवं पायडल प्रत्येक फेरीला खटक् करायला लागलं.

तर, संक्रांतीनंतरच्या रविवारी परत जायचंय. मडगार्ड काढू का? दाते बदलून काही फरक पडेल का? आणि हातांचं काय करू? (मोटारसायकल घ्या, हा सल्ला घरात मिळालेला आहे.)

---

वाफसा
८ जानेवारी, सकाळी ६.१५

मी मंद्रूपकडचा. चाळीस वर्षं ह्याच रानातून सायकल मारली. दुधाचे कॅन लावून. तेव्हा सांगतो ते ऐका.

तुमची चूक सायकलची नाही, वेळेची हाय. काळ्या रानात वाफसा, म्हणजे मातीत बेताची ओल, बघायचा असतो. पेरणीला बघतो तसाच सायकललाबी. मूठभर माती घ्या, दाबून लाडू करा आणि कंबरेएवढ्या उंचीवरनं सोडा. फुटला तर चला. चपटा होऊन बसला तर सायकल वळवायची, मडगार्ड असू द्या नायतर नसू द्या. आपली माती पाणी पिली की फुगते आणि पायाला सोडत नाही. वाळली की भेगा. आता शाळूच्या रानात भेगा पडायला लागल्यात, त्यात पुढचं चाक गेलं तर माणूस हँडलवरनं पुढं. म्हणून ओलंबी नको आणि लई वाळलेलंबी नको.

दुसरं, साडेसहाला कशाला निघालात? थंडीच्या दिवसांत दव पडतंय. वरचा पापुद्रा ओला, खाली टणक. तो पापुद्राच चिकटतो. दहा वाजता ऊन चढलं की हीच वाट निम्मी सोपी. ती म्हातारी शेळ्या घेऊन आली त्याच्यावरनं कळायला पायजे होतं, ती वाटेवरनं चालत नव्हती, बांधावरनं चालत होती. बांधाला हरळी असते, हरळीवर चाक रुतत नाही. जिथं जमीन जरा चढते तिथं मुरूम लागतो. दोन शेतं वळसा पडला तरी मुरमाडावरनं जायचं.

आणि खरी गोम लायटीची हाय. रात्रीची लाईट असली की मोटार चालू करून माणूस शेकोटीला बसतो, डोळा लागतो, पाट फुटतो आणि सकाळी पाणंदीत तळं. निघायच्या आधी त्या बाजूच्या कुणालाबी फोन लावा, ह्या आठवड्यात लाईट दिवसाची का रात्रीची ते विचारा. हवामानाचा अंदाज बघण्यापेक्षा ते कामाचं.

मडगार्डला आतनं जळकं ऑइल चोपडा. माती सुटते. कायम नाही, पण दोन-तीन किलोमीटर निघतात.

---

चिमटा-फ्रीव्हील
८ जानेवारी, दुपारी २.०५

काकांशी सहमत, पण मडगार्डच्या बाबतीत नाही. पुढचं काढाच. मागचं ठेवा, नाहीतर पाठीवर नकाशा उमटेल. पुढचं चाक अडलं तर तुम्ही पडता, मागचं अडलं तर फक्त शिव्या देता. फार फार तर मागच्या मडगार्डच्या तारा सैल करून ते बोटभर वर उचला.

तो खटक् आवाज कॉटर पिनचा, म्हणजे क्रँक (पायडलची दांडी) धुरीला घट्ट धरणाऱ्या खिळीचा. नट आवळून जाणार नाही, उगाच आटे खराब होतील. क्रँकच्या खाली लोखंडी ठोकळा नाहीतर दगड टेकवा, म्हणजे ठोका छर्ऱ्यांवर जाणार नाही. मग वरून हातोडीने पिन बसवा आणि त्यानंतर नट आवळा. पिन दबून चपटी झाली असेल तर नवी घाला, चहाच्या पैशात येते. एक जास्तीची खिशात ठेवा. रानात पिन गेली की सायकल नाही, हातगाडी.

दात्यांचं: पुढे बहुतेक ४४ चं चक्कर असेल. मागे १८ असताना पायडलच्या एका फेरीत साडेपाच मीटर जाता. मागे २२ टाकलात तर साडेचार. डांबरीवर पाय नाचवल्यासारखं वाटेल, पण चिखलात तोच फरक. चेन दोन कड्या वाढवावी लागेल.

आणि आल्यावर गाडी धुवायच्या सेंटरवर फवारा मारून घेऊ नका, ही कळकळीची विनंती. हबमध्ये आणि बीबीत (पायडलच्या धुरीच्या नळीत) पाणी घुसतं, ग्रीस जातं, आणि मग सगळे आमच्या दुकानात येऊन रडतात. चिखल वाळू द्या, आपटून झटका, ओल्या फडक्याने पुसा, तेल सोडा.

---

पुण्यात अडकलेला सोलापुरी
८ जानेवारी, रात्री ९.३०

धागा वाचून जीव कासावीस झाला. इथे लोक लाखाची सायकल घेऊन सिंहगडाच्या डांबरीवर जातात.

तुमचा वेडेपणा जुना आहे, एवढंच सांगतो. इंग्लंडमध्ये १९५५ साली 'रफ स्टफ फेलोशिप' नावाची मंडळी जमली, तुमच्यासारख्याच लोखंडी सायकली घेऊन डोंगरातल्या पायवाटा तुडवायला. चालवता येईल तिथे चालवायची, नाही तिथे खांद्यावर. तिकडे कडक थंडीत चिखल गोठतो आणि त्यावरून चाक जातं. आपल्याकडे थंडी बारा अंशांवर येऊन थांबते, म्हणजे बोटं गोठतात, चिखल नाही. दोन्हीकडून मार.

युरोपात हिवाळ्यातली चिखलाची शर्यत असते, सायक्लोक्रॉस. तिच्या मोठ्या शर्यतींत टायर ३३ मिलिमीटरच्या वर चालत नाही. आजोबांचा टायर ४० च्या आसपास असेल, म्हणजे तुम्ही त्यांच्यापेक्षा श्रीमंत. ते लोक मात्र मध्येच चिखलाची सायकल टाकून धुतलेली दुसरी घेतात. तुम्हाला ती सोय नाही.

हातांसाठी: जुनी ट्यूब कापून ब्रेकच्या सळ्यांना गुंडाळा, गार लोखंड हाताला लागत नाही. छातीवर शर्टाच्या आत पेपर घाला. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, कितीही आपटली तरी बिघडत नाही. जमलं तर इकडेही पाठवा.

---

गड्ड्यावरचा पाळणा
९ जानेवारी, सकाळी ११.२०

संक्रांतीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा सोडून चिखलात कोण जातं ओ?

---

जॉबरचा नातू
२० जानेवारी, रात्री ११.१०

जाऊन आलो. क्रमाने सांगत बसत नाही.

वाफसाकाकांचं ऐकून मित्राच्या मेहुण्याला फोन केला. लाईट रात्रीची होती. म्हणून रविवार सोडून सोमवारी रजा टाकली, पाणी फिरून एक ऊन खाल्लेलं. साडेदहाला वडकबाळ सोडलं. मातीचा लाडू तीन ठिकाणी टाकून बघितला. दोनदा फुटला. तिसऱ्यांदा चपटा बसला, तिथे इमानाने बांधावर चढलो. हरळीवरून चाक जातं ते खरंच, फक्त बांध फूटभर रुंद आणि खाली दोन्हीकडे शाळू. एकदा शाळूत गेलो. ताटांवर चिकटा पडलेला, बाह्या अजून चिकट आहेत. शेतवाल्याने आधी हाका मारल्या, मग सायकल बघून हुरडा खायला बसवलं. त्याच्याही वडिलांकडे अशीच होती म्हणे, डबल दांडीची.

२२ चा फ्रीव्हील टाकला होता. चिमटाभाऊ, पैसे वसूल. पिन खटकली नाही, जास्तीची खिशातच राहिली. ब्रेकला ट्यूब गुंडाळली, पण ओल्या रिमवर ब्रेक लागतच नाही हो, दोन उतारांवर चप्पल घासत थांबलो.

दोन ठिकाणी खांद्यावर घ्यावी लागली. संगमावर पोचेपर्यंत साडेचार वाजले. पायांना गुडघ्यापर्यंत काळं, वाळून तडे गेलेलं. देवळाबाहेरच्या नळावर धुवायला पंधरा मिनिटं गेली. मग आत तुळईखाली मान वर करून उभा राहिलो. वाचील तो विजयी होईल अशा अर्थाची ओळ आहे म्हणतात. मला अक्षरं लागली ती चार-पाच. मान अवघडली म्हणून बाहेर येऊन संगमावर भाकरी खाल्ली.

येताना अंधार आणि गारठा, डायनॅमो चालेना. टाकळीकडून येणाऱ्या एका टेंपोत सायकल टाकली आणि आलो.

एकच राहिलं. पुढचं मडगार्ड निघताना काढून घरी ठेवायचं, तर मी शहाणा, कॅरिअरला दोरीने बांधून नेलं होतं. ते वाटेत कुठेतरी पडलं. काळं आहे, मधून पिवळी रेघ, आतून जळकं ऑइल. वाफसाकाका, तुमच्या बाजूला कुणाला सापडलं तर ठेवून घ्यायला सांगा, मी येतो न्यायला. दहाच्या नंतर.