जून ब्राउन यांची ३५ वर्षे खरोखर वाया गेली का?

तिसरी घंटा: काल या चर्चेत ‘कातरवेळ’ यांनी लिहिले की, लंडनच्या ओल्ड विक या नामांकित रंगमंदिराच्या नाट्यशाळेत शिकलेल्या ब्रिटिश अभिनेत्री जून ब्राउन यांनी ‘ईस्टएंडर्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत ३५ वर्षांच्या काळात लॉन्ड्री सांभाळणारी, सदा सिगारेट ओढणारी डॉट कॉटन करत राहून आपल्या अभिनयाची माती केली. हे वाक्य मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते. १९८५ च्या जुलैमध्ये त्या या मालिकेत आल्या तेव्हा ५८ वर्षांच्या होत्या. त्याआधी त्यांनी रंगभूमीवर कामे केली, दूरचित्रवाणीवरही त्या अधूनमधून दिसत, परंतु घराघरांत ओळखले जाईल असे मध्यवर्ती काम त्यांना कोणी दिले नव्हते. ज्या वयात अभिनेत्रींना आजीच्या चार ओळी मिळतात, त्या वयात त्यांना एका बाईचे संपूर्ण म्हातारपण रंगवायला मिळाले. २०१५ साली डॉटचा गुन्हेगार मुलगा निक तिच्या डोळ्यांसमोर मरतो आणि ती मदतीला कोणाला बोलावण्याऐवजी प्रार्थना करते. त्या प्रसंगामागे आई-मुलाच्या नात्याची ३० वर्षे उभी होती. अडीच तासांच्या नाटकाला ही शिदोरी कोठून मिळणार?

कातरवेळ: माझे म्हणणे आपण सोपे करून घेतले आहे. माझा राग बाईंवर नाही, तर एका भूमिकेला जन्मठेप समजण्याच्या वृत्तीवर आहे. ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ या तशाच ब्रिटिश मालिकेतील हिल्डा ऑग्डन करणाऱ्या जीन अलेक्झांडर यांनी २३ वर्षांनंतर, १९८७ च्या नाताळात, लोकप्रियतेच्या शिखरावर असताना निरोप घेतला आणि पुढे दुसऱ्या विनोदी मालिकेत नवे पात्र उभे केले. जून ब्राउनही १९९३ मध्ये बाहेर पडल्या होत्या. चार वर्षांनी त्या पुन्हा त्याच मालिकेत परतल्या, याचे मला आजही वाईट वाटते.

प्रयोगवही: परतल्या नसत्या, तर २००८ च्या जानेवारीतला तो भाग झाला नसता. पतीला, जिमला, पक्षाघात झाला आहे आणि डॉट टेपरेकॉर्डरसमोर बसून त्याच्यासाठी निरोप ध्वनिमुद्रित करते. सुमारे अर्धा तास पडद्यावर दुसरे कोणीही नाही. या कामासाठी त्यांना बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांत सर्वोत्तम अभिनेत्रीचे नामांकन मिळाले. अशा दैनंदिन मालिकेतील कामासाठी त्याआधी असे नामांकन मिळाले होते ते जीन अलेक्झांडर यांना, १९८८ साली. पुरस्कार मात्र दोघींनाही दिला नाही. दैनंदिन मालिकांना परीक्षक कायम ओसरीवरच बसवतात, हे माझे जुने दुखणे आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार.

कातरवेळ: त्याच भागाविषयी मला मूलभूत आक्षेप आहे. जिमची भूमिका करणारे जॉन बार्डन यांना २००७ मध्ये खरोखरच पक्षाघात झाला होता. आजारी सहकाऱ्याचे दुखणे कथानकात ओढून त्यावर अश्रू वसूल करणे मला अनुचित वाटते.

हॅरोची सून: मी सहसा येथे फक्त वाचते, पण यावर गप्प बसवत नाही. बार्डन यांना कथेतून परस्पर वगळून टाकणे निर्मात्यांना सहज शक्य होते. त्याऐवजी जिमलाही तोच आजार दिला गेला आणि म्हणूनच बार्डन पुढे त्या अवस्थेतही पडद्यावर येऊ शकले. आता माझे सांगते. माझ्या सासऱ्यांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा रुग्णालयाने तीन आठवड्यांत त्यांना घरी न्या म्हणून सांगितले. सासूबाई सर्वांसमोर ‘हो, नेते की’ म्हणाल्या आणि रात्री स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, ‘माझ्याने व्हायचं नाही गं.’ आपल्या घरांत हे वाक्य मोठ्याने उच्चारले जात नाही. डॉट त्या यंत्राला हीच भीती सांगते, मध्येच युद्धकाळात वेल्समध्ये ज्यांच्याकडे आश्रयाला राहिली त्या माणसांच्या आठवणीत शिरते आणि पुन्हा जिमपाशी येते. सासूबाईंना इंग्रजी जेमतेम समजते, तरी त्यांनी तो भाग शेवटपर्यंत पाहिला आणि उठताना फक्त डोळ्यांना पदर लावला.

कातरवेळ: तुमच्या सासूबाईंविषयी मला आदर आहे, परंतु वैयक्तिक दुःख पुढे केले की कलेची चिकित्साच थांबते. अश्रू आले म्हणजे अभिनय श्रेष्ठ ठरत नाही.

हॅरोची सून: मी अश्रूंचा दाखला देतच नाही. त्या अर्ध्या तासात बाई प्रेक्षकांकडून दया मागत नाहीत, एवढेच माझे म्हणणे आहे. वाक्य अर्ध्यावर सोडून त्या थांबतात आणि ती शांतता आपल्यालाच भरून काढावी लागते. हे आपण पाहिले आहे की केवळ त्याविषयी वाचले आहे?

तिसरी घंटा: कृपया स्वर खाली आणावा, पण प्रश्न रास्त आहे. मीही तोच विचारणार होते.

कातरवेळ: पूर्ण पाहिला नव्हता, हे मान्य करतो. आज दुपारी पाहिला. बार्डन यांच्या आजाराविषयीचा माझा आक्षेप मागे घेतो, कारण तेथे आजाराचे प्रदर्शन नाही. तेथे आहे ती मागे उरलेली बाई. तो अर्धा तास मोठ्या रंगभूमीच्या तोडीचा आहे, हेही नाइलाजाने कबूल करतो. उरलेल्या ३५ वर्षांविषयीचे माझे मत बदललेले नाही.

प्रयोगवही: ८० वर्षांच्या असताना एवढे पाठांतर! निदान त्याविषयी तरी एक ओळ लिहा.

कातरवेळ: लिहितो. पाठांतर जाणवले नाही. ती बाई त्याच क्षणी शब्द शोधत आहे असे वाटले.