टेबल कलवायचं की नाही?

भूलभुलैया:
कुणीतरी ठणकावलंय, "सिझरला टेबल डावीकडे कलवणं म्हणजे जुनं खूळ, बीपी चढवायला फेनिलेफ्रिन आहे ना!" डोकंच फिरलं. स्पायनलने, म्हणजे कण्यात दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनने, रक्तवाहिन्या सैलावतात, त्यात बाई उताणी. गर्भाशय मोठ्या शिरेवर, हृदयाकडे परतणारं रक्त अडलं, बीपी धाडकन खाली. कलवायला हरकत काय?

उताणा:
ठणकावणारा मीच. २०१५ च्या एमआरआय अभ्यासात १५ अंशांवरही शीर दबलेलीच होती, ३० अंशांवर जरा मोकळी. ३० वर ऑपरेशन करणारा सर्जन आणा आधी! आणि तुमचे १५ मोजतो कोण? नजरेने १५ वाटतात, प्रत्यक्षात कमीच भरतात. २०१७ मध्ये १०० बायकांवर तुलना झाली, १५ अंश कलवलेल्या विरुद्ध उताण्या. प्राणवायू कमी पडला की बाळाच्या नाळेतल्या रक्ताची आम्लता वाढते, तिच्यात फरक नाही.

भूलभुलैया:
पुढचंही वाचा की. निरोगी बायका, ठरवून केलेलं सिझर, फेनिलेफ्रिन सतत चालू. तरी उताण्या गटाला औषध जास्तच लागलं. बाळाचे ठोके मंदावत असताना हाच शहाणपणा करणार?

दोनदा_सिझर:
तुम्ही अंशच मोजत बसा. मला मळमळायला लागलं, तर "घाबरू नका हो". बीपी पडलेलं नंतर पाहिलं! वर दिवसभर उशी काढून घेतली, तरी डोकं ठणकलंच.

वॉर्डसिस्टर:
उशी काढायचीच असते.

उताणा:
कशाला? स्पायनलच्या सुईने होणारी डोकेदुखी सपाट झोपवून टळत नाही. सुई बारीक आणि पेन्सिलटोकी हवी.

वॉर्डसिस्टर:
उशी दिली आणि डोकं दुखलं, की नातेवाईक आमच्यावर धावून येतात. तेव्हा तुमची पेन्सिल कुठे असते?

दोनदा_सिझर:
म्हणजे नातेवाइकांच्या भीतीने मी मान अवघडून बाळाला पाजायचं? धन्य आहे!

वॉर्डसिस्टर:
ताई, नियम मी नाही केला. डॉक्टरांनी फाइलवर लिहून द्यावं, दोन उशा देते.

भूलभुलैया:
उशीचा वेगळा धागा काढा! २०१८ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत कलवणंही आहे आणि फेनिलेफ्रिनही. वरचं बीपी मूळच्या ९० टक्क्यांखाली जाऊ द्यायचं नाही.

उताणा:
बरं, कलवा, पुण्य लागेल. पण कलवलंय म्हणून औषध उशिरा सुरू करणारे मी पाहिलेत. माझा राग त्यांच्यावर आहे.

भूलभुलैया:
मग तसं लिहायचं होतं, "खूळ" कशाला?

दोनदा_सिझर:
आणि बाई मळमळतंय म्हणाली, की आधी बीपी बघा. धीर नंतर द्या.