मेपल बॉडीची अकूस्टिक गिटार घ्यायची आहे, मदत हवी

काळी_पाच
नमस्कार मंडळी. पाठ आणि बाजू मेपलच्या असलेली स्टीलच्या तारांची गिटार घ्यायचा विचार आहे. वापर: भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी, सोबतीला तबला आणि कीबोर्ड. निम्मं स्ट्रमिंग, निम्मं बोटांनी. गायिकेची पट्टी काळी चार किंवा काळी पाच, त्यामुळे कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा) बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या फ्रेटवर. सध्या रोझवूडची ड्रेडनॉट (मोठ्या, रुंद पेटीची गिटार) आहे. घरी झकास वाजते, पण स्टेजवर खर्ज घुमतो, कीबोर्डच्या डाव्या हातात मिसळून जातो आणि आवाज वाढवला की फीडबॅक (स्पीकरमधून घुमणारा कल्लोळ) सुरू. बजेट लाखाच्या आसपास, मुक्काम पुणे.

मेपलने हा घोळ खरंच सुटतो का? घ्यायची तर जंबोच (सगळ्यात मोठ्या पेटीची) घ्यावी का? सॉलिड (अखंड लाकूड) की लॅमिनेट (चिकटवलेले पातळ थर)? दुकानात नेमकं काय तपासायचं? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

स्प्रूसप्रेमी
थोडाफार सुटेल, पण मेपलकडून जरा जास्तच अपेक्षा ठेवताय असं वाटतं. गिटारच्या आवाजात सगळ्यात मोठा वाटा वरच्या स्प्रूसच्या पाटीचा आणि तिच्याखालच्या ब्रेसिंगचा, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्यांचा. त्यानंतर पेटीचा आकार, आणि पाठीचं लाकूड त्याच्याही नंतर.

लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. फाइल्ड या इंग्लिश कारखान्यात एकाच नमुन्याच्या सहा गिटार बनवल्या, फरक फक्त पाठ आणि बाजूंच्या लाकडाचा. त्यात मेपलही होतं, भारतीय आणि ब्राझिलियन रोझवूडही होतं. ५२ वादकांनी त्या मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल लावून वाजवल्या. सहाही गिटारांना गुण जवळपास सारखेच पडले.

मेपलला स्वतःचा गुण नाही असा याचा अर्थ नाही. हे लाकूड कंपन लवकर जिरवतं, रोझवूड ते रेंगाळू देतं. म्हणून मेपलचा सूर कोरडा, पटकन उठून पटकन विरणारा, आणि कॉर्डमधली प्रत्येक तार सुटी ऐकू येते. तुमच्या मांडणीत ते उपयोगाचंच आहे. फक्त मेपलची पाठ लागली की फीडबॅक थांबेल, असं काही नाही.

बाराफ्रेट
वर उत्तम लिहिलंय. मला प्रश्नातली पट्टी जास्त महत्त्वाची वाटते. काळी चारचा खालचा षड्ज म्हणजे सहाव्या तारेचा चौथा फ्रेट, १०४ हर्ट्झ. काळी पाचचा ११६.५. आणि ड्रेडनॉटच्या पेटीतल्या हवेचा स्वतःचा अनुनाद साधारण ९५ ते ११० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. म्हणजे काळी चारमध्ये गाण्याचा षड्जच नेमका पेटीच्या फुगवट्यावर पडतोय! कॅपो चौथ्या फ्रेटवर लावून ई-शेप (ई कॉर्डची बोटांची ठेवण) धरला की मोकळी सहावी तार तोच सूर देते, आणि तीच तुम्ही दर मात्रेला वाजवणार. घुमणार नाही तर काय.

आज, या क्षणी करून बघा: कॅपो काढा, सहावी तार पहिल्या फ्रेटपासून सातव्यापर्यंत एकेक फ्रेट सारख्या जोराने वाजवा. एक सूर बाकीच्यांपेक्षा ढळढळीत मोठा येईल आणि लवकर विझेल. तोच तुमच्या पेटीचा. प्रीॲम्पवर (गिटारच्या आवाजाच्या नियंत्रणावर) नॉच, म्हणजे ठरावीक सूरच दाबायची सोय, असेल तर तिथे अरुंद पट्ट्यात ५-६ डेसिबल कमी करा. नॉच नसेल तर साउंडहोलला रबरी झाकण लावा आणि फेज स्विच उलटा करून पाहा. काळी चारसाठी कॅपो सहाव्या फ्रेटवर आणि डी-शेप हाही पर्याय आहे: षड्ज चौथ्या तारेवर, २०७ हर्ट्झवर जातो, कीबोर्डच्या वाटेतून बाजूला होतो. नवीन गिटार घेण्याआधी हे फुकटातलं औषध घेऊन बघाच.

काळी_पाच
बाराफ्रेट, करून पाहिलं. चौथ्या फ्रेटवर अक्षरशः भोंगा वाजतो. नॉच दिल्यावर बराच आवर बसला. तरी दुसरी गिटार हवीच आहे, त्यामुळे जंबोचं सांगा.

गोलपाठ
जंबो आणि मेपलची जोडी गिब्सन कंपनीच्या एसजे-२०० ने रुजवली. १९३७-३८ मध्ये ती आली तेव्हा रोझवूडची होती, दुसऱ्या महायुद्धानंतर मेपलची झाली आणि तीच ओळख टिकली. जोडी जुळते कारण १७ इंची पेटी मुळातच भरपूर खर्ज देते आणि मेपल त्याला लगाम घालतं. पण लगाम घातला तरी घोडा मोठाच. तबल्याच्या शेजारी, स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरच्या तोंडावर बसायचं असेल तर मी जंबो सुचवणार नाही. बैठकीत ती मांडीवर धरून दोन तास उजवा खांदा उचलून बसणं हा वेगळाच व्यायाम. एकट्या गिटारीवर गाणारा असेल तर मात्र जंबोसारखं काही नाही.

तुमच्यासाठी पेटीची खालची रुंदी १५ ते १६ इंच, म्हणजे ऑर्केस्ट्रा किंवा ग्रँड ऑडिटोरियम आकार. टेलर कंपनीची ६०० मालिका अनेक वर्षं मेपलची होती. २०१५ मध्ये टेलरचे गिटार-रचनाकार अँडी पॉवर्स यांनी तिचं ब्रेसिंग बदललं आणि वरची पाटी भाजलेल्या स्प्रूसची केली, मेपलचा कोरडेपणा कमी करायला. नवीन तुमच्या बजेटबाहेर जाईल, वापरलेली मिळाली तर सोडू नका. लहान पेटीचा अनुनाद मात्र थोडा वर सरकतो, तो काळी पाचवर येऊन बसत नाही ना हे दुकानात तपासा.

सॉलिड की लॅमिनेट: वरची पाटी सॉलिड स्प्रूसच हवी, यात तडजोड नाही. पाठीबाबत मेपलमध्ये लॅमिनेट ऐकून नाक मुरडू नका. गिल्डची एफ-५० आणि हल्लीची एफ-२५० मालिका बघा: पाठ लॅमिनेट मेपलची, साच्यात दाबून फुगीर केलेली. त्या कमानीमुळेच ती ताठ राहते, आतून आडव्या ब्रेसची गरज नाही. आवाज समोर फेकण्यात ती कमी पडत नाही आणि पावसाळ्यात डोकेदुखी कमी.

एपिफोन बघणार असाल तर नाव पूर्ण वाचा. २०२० साली आलेली 'इन्स्पायर्ड बाय गिब्सन' जे-२०० पूर्ण सॉलिड लाकडाची आहे. तशाच दिसणाऱ्या, नावात दोनशे असलेल्या स्टुडिओ प्रकारच्या गिटारींची पाठ लॅमिनेट असते. शोकेसमध्ये शेजारी टांगल्या तर ओळखू येत नाहीत.

स्प्रूसप्रेमी
सॉलिड आहे की नाही हे ओळखायचं असेल तर पाठीवरची एखादी ठळक रेघ किंवा गाठ निवडा आणि साउंडहोलमधून मोबाइलचा टॉर्च मारून तीच आतून त्याच जागी दिसते का बघा. वरच्या पाटीसाठी साउंडहोलची कड: रेषा वरून खाली सलग उतरत असतील तर सॉलिड, मध्ये आडवा थर दिसला तर लॅमिनेट. मेपलच्या लाटा खऱ्या असतील तर गिटार हलवताना उजेडाबरोबर सरकतात, गडद पट्टे फिके होतात आणि फिके गडद. छापील असतील तर ढिम्म हलत नाहीत. तशीही लाटांचा आवाजाशी संबंध नाही, त्या फक्त किंमत वाढवतात.

मानेचा कोन आधी तपासा, कारण तो बिघडला तर खर्च मोठा. सरळ पट्टी फ्रेटांवर ठेवून पुढे सरकवा. तिचं टोक ब्रिजच्या (पेटीवर तारा अडकवतात त्या ठोकळ्याच्या) लाकडाच्या वरच्या कडेला टेकायला हवं. खाली आदळलं तर माने-पेटीचा सांधा पुन्हा बसवावा लागणार, अशी गिटार कितीही गोड वाजली तरी ठेवून द्या. सॅडल (ब्रिजमधली, तारा टेकतात ती पातळ पट्टी) ब्रिजच्या वर ३ मिमीच्या आसपास दिसायला हवं. ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) बाराव्या फ्रेटवर जाड ई २.४ मिमी, बारीक ई १.८ मिमी. जास्त असेल तर सॅडल खालून घासता येतं: बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी कमी करायचा तर सॅडल एक मिमी घासावं लागतं. म्हणून आधी ते वर उरलंय का बघायचं.

मग बोटाच्या पेराने पाठीवर ब्रेसच्या रेषेत टकटक करा. एखाद्या जागी फडफड आली तर ब्रेस सुटलाय.

बाराफ्रेट
वाजवताना कॅपो सोबत न्या. मोकळ्या तारांवर सगळ्याच गिटारी गोड लागतात. मेपलची खरी परीक्षा चौथ्या फ्रेटच्या पुढे, तिथे बारीक दोन तारा कर्कश झाल्या तर रोज त्रास होईल. आणि तारा किती जुन्या आहेत ते विचारा. महिनोन्महिने टांगलेल्या तारांवर मेपल छान मऊ वाटतं, घरी नव्या चढवल्या की किंचाळतं. घेतल्यावर १२-५३ जाडीच्या फॉस्फर ब्राँझ तारा लावा, ८०/२० ब्राँझ या लाकडावर आणखी टोकदार होतं.

सोबत कुणी असेल तर त्याला वाजवायला सांगून तुम्ही दहा फुटांवर पाठ करून उभे राहा. मेपलचा आवाज वाजवणाऱ्यापेक्षा समोरच्याला जास्त भरीव लागतो.

काळी_पाच
सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रँड ऑडिटोरियम आकारातच शोधतो. शेवटची शंका: पुण्याची हवा?

गोलपाठ
आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. सॉलिड मेपल रोझवूडपेक्षा जास्त फुगतं-आकसतं. पावसाळ्यात वरची पाटी फुगून ॲक्शन चढते, तेव्हा घाईने सॅडल घासू नका. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी तीच खाली बसते आणि मग प्रत्येक फ्रेटवर बझ. केसमध्ये छोटा हायग्रोमीटर आणि ओलावा शोषणारी आणि लागेल तेव्हा सोडणारी, अशी दोन्ही बाजूंनी काम करणारी आर्द्रतेची पाकिटं ठेवा. नुसती सिलिका जेल उन्हाळ्यात नको, ती आहे तो ओलावाही शोषते. मेपलवर फिकट पारदर्शक फिनिश असतं, त्यामुळे बारीक तडा पटकन दिसतो. दर महिन्याला पाठीच्या मधल्या जोडावर आणि बाजूंच्या कमरेपाशी, जिथे लाकूड सगळ्यात जास्त वाकवलेलं असतं, तिथे तिरप्या उजेडात नजर टाकत जा.