इंडक्शन मोटरचं सोपं मॉडेल पुरतं का?

विद्युतवेडा: मोठी मोटर सुरू झाली की बसवरचं (सगळ्या जोडण्यांना वीज देणाऱ्या सामाईक पट्टीवरचं) व्होल्टेज किती खचतं, एवढंच बघायचं असेल तर पाच समीकरणांचं पूर्ण मॉडेल कशाला? स्टेटरची, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाची, दोन सोडा. रोटरची, म्हणजे फिरणाऱ्या भागाची, दोन आणि वेगाचं एक, तीनांत काम भागतं. स्टेटरमधली थरथर एसीच्या काही सायकलांत विरतेच.

जुना_फिटर: "विरतेच" म्हणे! डायरेक्ट ऑन लाइन, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर, चालू करताना पहिल्या काही सायकलांत टॉर्क ५० हर्ट्झने वरखाली होतो, क्षणभर उलटाही फिरतो. मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगला तोच खातो. आमच्याकडे एका पंपाच्या कपलिंगचं रबर सारखं फाटायचं, आणि तीन समीकरणांचा गुळगुळीत आलेख दाखवून सांगितलं गेलं की टॉर्क मर्यादेतच आहे.

विद्युतवेडा: कपलिंगसाठी पूर्ण मॉडेल वापरा, मी कुठे नको म्हटलं? मी व्होल्टेजचं बोलतोय.

जुना_फिटर: मग व्होल्टेजचंच घ्या. जवळ शॉर्ट (फॉल्ट) झाला की स्टेटर करंटमध्ये डीसी भाग येतो आणि मोटरला ब्रेक लागतो. पहिल्या एक-दोन सायकलांतला वेगाचा हा उतार तुमच्या मॉडेलला दिसतच नाही. जड फ्लायव्हील असेल तर चालून जाईल. हलक्या पंपाचं काय? फॉल्ट सुटल्यावर मोटर वेग धरेल की बंद पडेल, तिथे तुमचं उत्तर जरा जास्तच आशावादी.

स्लिपताई: भांडा, पण दोघांच्याही मॉडेलमध्ये रोटरचा रेझिस्टन्स एकच आकडा आहे ना? थांबलेल्या रोटरमध्ये करंट ५० हर्ट्झचा, २ टक्के स्लिपला (रोटर फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या तेवढा मागे असताना) जेमतेम १ हर्ट्झचा. सुरुवातीला तो रोटरमधल्या खोल बारच्या (वाहक पट्टीच्या) वरच्या कडेला सरकतो, रेझिस्टन्स वाढतो. वर सहापट करंटला लीकेजचा, म्हणजे गळणाऱ्या चुंबकीय प्रवाहाचा, लोखंडातला मार्ग सॅच्युरेट होतो, भरून जातो. आकडे स्थिर धरले तर मोटर वेगात यायला किती सेकंद लागतील हेच चुकतं, आणि खचलेलं व्होल्टेज तेवढाच वेळ खचलेलं राहतं. नेमप्लेटवरून अंदाजाने काढलेल्या आकड्यांवर तीन काय, पाच काय! लॉक्ड रोटर टेस्ट (रोटर अडवून घेतलेली चाचणी) १२.५ हर्ट्झलाही घ्या, मग बोलू.

विद्युतवेडा: हे मान्य. डबल केज, रोटरमध्ये बारचे दोन पिंजरे, धरतो, म्हणजे रोटरची चार समीकरणं आणि वेगाचं एक. स्टेटर तरीही सोडतो.

स्लिपताई: म्हणजे पुन्हा पाचच की!

जुना_फिटर: पाच झाली, पण माझं रबर त्यात अजून फाटत नाही.