ताईच्या फाइली माझ्या नावावर, माझ्या फाइली ताईच्या नावावर, त्यात ७७७ मारलंय, आता कसं निस्तरू?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी, घरी एकच कॉम्प्युटर आहे, मी आणि ताई दोघं वापरतो, लिनक्स आहे. होमचं पार्टिशन वेगळं होतं म्हणून परवा सिस्टिम नव्याने टाकताना ते फॉरमॅट न करता तसंच जोडलं, म्हटलं डेटा जागच्या जागी राहील. डेटा राहिला पण लॉगिनच होईना. पासवर्ड घेतो, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत लॉगिनवर आणून सोडतो.

मग कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनलवर गेलो (कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, समजून घ्या) आणि एलएस -एल (फाइलींची यादी, मालकासकट) करून बघितलं तर माझ्या फोल्डरचा मालक म्हणून ताईचं नाव, आणि ताईच्या फोल्डरवर माझं! घाईघाईत माझ्या सगळ्या होमवर सुडो चमॉड -आर ७७७ मारलं (अ‍ॅडमिनच्या हक्काने, आतल्या सगळ्यासकट, सगळ्यांना सगळे हक्क). मग कुठेतरी वाचून चोनपण (मालक बदलायची कमांड) मारलं, आणि लॉगिन झालं एकदाचं.

पण आता एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवर सुरक्षित लॉगिन करायचं साधन) माझी की, म्हणजे ओळख पटवणारी फाइल, घेत नाही, परमिशन ०७७७ आहे, फार मोकळी आहे, म्हणून की वापरणार नाही म्हणतो. ताईला अजून लॉगिन होत नाहीये. आणि /होम/फोटो म्हणून आमचा दोघांचा एक फोल्डर आहे, नऊ वर्षांचे फोटो आहेत, त्यात कोणाचं काय हे पूर्ण उलटंपालटं दिसतंय. अजून एक एनटीएफएसची (विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली) ड्राइव्ह आहे तिच्यावर तर चोनचा काही परिणामच होत नाही. फोटोंना धक्का लावायच्या आधी विचारावं म्हटलं.

खटपट्या
७७७ साठी सोपं आहे, चमॉड -आर यू=आरडब्ल्यूएक्स,जीओ=आरएक्स दे पण शेवटचा एक्स कॅपिटल ठेव. कॅपिटल एक्स फक्त फोल्डरला एक्झिक्युट (चालवायचा किंवा आत शिरायचा हक्क) देतो, साध्या फाइलींना देत नाही.

उंबरठा
फोटोंना हात लावायच्या आधी थांबलात हे फार बरं केलंत. आधी नक्की काय झालंय ते सांगतो, कारण ते कळलं की पुढच्या कमांड पाठ कराव्या लागत नाहीत.

डिस्कवर फाइलीसोबत तुमचं नाव लिहिलेलंच नसतं, फक्त एक नंबर असतो. एलएस तो नंबर घेतो, /एटीसी/पासडब्ल्यूडी या फाइलीत बघतो की हा नंबर कोणाचा, आणि ते नाव दाखवतो. बहुतेक सिस्टिममध्ये पहिल्या माणसाला १००० मिळतो, दुसऱ्याला १००१. माझा अंदाज असा की जुन्या सिस्टिमवर ताईचं अकाउंट आधी बनवलं होतं आणि या वेळी तुमचं आधी बनवलंत. म्हणजे फाइलींवरचे नंबर जसेच्या तसे आहेत, माणसांचे नंबर बदललेत. एलएस -एलएन करा, नावांऐवजी नंबर दिसतील, आणि आयडी कमांड देऊन स्वतःचा नंबर बघा.

ताईचं होम सोपं आहे, कारण त्यातलं सगळं तिचंच. तिला लॉगआउट करून सुडो चोन -आर ताई:ताई /होम/ताई, झालं. तिथे चमॉड अजिबात नको, तिच्या परमिशन बरोबर आहेत, फक्त मालक चुकलाय. आणि हे लवकर करा, कारण या घडीला तिच्या खाजगी फाइली कॉम्प्युटरच्या लेखी तुमच्या आहेत, तुम्हाला सगळ्या उघडता येतात, ते तिलाही आवडणार नाही.

एक काळजी घ्या, लपलेल्या फाइलींसाठी कोणी डॉट-स्टार लिहून चोन -आर मारायला सांगितलं तर ऐकू नका. डॉट-स्टारमध्ये दोन टिंबंपण येऊ शकतात आणि दोन टिंबं म्हणजे वरचा फोल्डर, मग ते वर चढून शेजारच्यांचे मालकही बदलून टाकतं. फोल्डरचा पूर्ण पत्ता द्या, आतल्या लपलेल्या फाइली -आर आपोआप घेतो.

फोटोंचं वेगळं सांगतो, ते एका दमात होणारं नाही. त्याआधी एक सांगा, नवीन सिस्टिम टाकल्यापासून त्या फोल्डरमध्ये नवीन काही टाकलंय का?

सांजवारा
खटपट्या, एरवी तुझा उपाय बरोबर, मीही तोच वापरते, पण इथे चालणार नाही रे. कॅपिटल एक्स फोल्डरला एक्झिक्युट देतो हे खरं, पण ज्या फाइलीला आधीच कुठेतरी एक्झिक्युट आहे तिलाही देतो. ७७७ मारल्यावर प्रत्येक फाइलीला एक्झिक्युट आहेच, त्यामुळे सगळं तसंच राहणार.

पाऊलवाट, अनेक ठिकाणी तुम्हाला सांगतील की फाइंड वापरून सगळ्या फोल्डरना ७५५ आणि सगळ्या फाइलींना ६४४ करा (लिहायचा हक्क फक्त मालकाला, आणि फाइलींना एक्झिक्युट नाही). ते होममध्ये सरसकट करू नका असं मी कळकळीने सांगेन. होममध्ये नुसते फोटो आणि कागदपत्रं नसतात, डॉट-लोकल मध्ये प्रोग्राम बसलेले असतात, पायथनची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट असते, स्वतःच्या स्क्रिप्ट असतात. त्यांचा एक्झिक्युट बिट गेला की एकेक गोष्ट चालेनाशी होते आणि कारण लवकर सापडत नाही. मी एकदा असं केलंय, दोन आठवडे कुठलं ना कुठलं काहीतरी बंद पडलेलं सापडत होतं.

त्यापेक्षा आधी एवढंच करा: चमॉड -आर जीओ-आरडब्ल्यूएक्स /होम/धाकटा (तुमचं जे अकाउंट असेल ते). म्हणजे ग्रुप आणि बाकी जग यांचे हक्क काढले, तुमचे स्वतःचे आहेत तसे ठेवले. ७७७ चं ७०० होतं. सुडोचीही गरज नाही, मालक आता तुम्हीच आहात. एसएसएचला प्रायव्हेट की मालकाशिवाय कोणाला दिसू नये एवढंच हवं असतं, त्यामुळे तेही लगेच चालू होईल. तरी रीतीप्रमाणे डॉट-एसएसएच फोल्डर ७०० आणि प्रायव्हेट की ६०० करून टाका.

एवढं करून राहिला तो जास्तीचा एक्झिक्युट बिट. तो दिसायला वाईट दिसतो, एलएस मध्ये सगळं हिरवं दिसतं, कधी टेक्स्ट फाइलीवर क्लिक केलं तर 'चालवू की उघडू' असं विचारतं, पण बंद काहीच पडत नाही. तो सावकाश काढा, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ज्या फोल्डरात प्रोग्राम नाहीत तिथेच फाइंड . -टाइप एफ लावून चमॉड ए-एक्स. -टाइप एफ विसरू नका, फोल्डरचा एक्स गेला तर आत शिरताच येत नाही.

नदीकाठ
एनटीएफएसवर चोनचा परिणाम होत नाही हे साहजिक आहे. साधारणपणे तिथे लिनक्सचे मालक आणि परमिशन लिहून ठेवले जात नाहीत, ड्राइव्ह माउंट करताना (जोडताना) जे सांगाल ते सगळ्या फाइलींना लागतं. एफएसटॅबमध्ये (कोणती ड्राइव्ह कशी जोडायची ते लिहिलेली फाइल) त्या ड्राइव्हच्या ओळीत यूआयडी=१०००, जीआयडी=१०००, यूमास्क=०२२ (मालकाचा नंबर, ग्रुपचा नंबर, आणि कोणते हक्क काढायचे ते) असं द्या आणि परत माउंट करा. पेनड्राइव्हच्या एक्सफॅटचंही असंच.

आणि ती ड्राइव्ह रीड-ओन्ली दिसत असेल आणि विंडोजमध्येही वापरत असाल तर परमिशनचा संबंधच नाही. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं, आणि लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहायला नकार देतं, ते बरोबरच करतं. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा.

पाऊलवाट
सगळ्यांचे खूप आभार. उंबरठा दादा, अंदाज अगदी बरोबर, मागच्या वेळी ताईनेच इन्स्टॉल केलेलं, ती १००० आणि मी १००१ होतो, आता मी १००० आहे. ताईचं होम तुम्ही सांगितलं तसं केलं, तिचं लॉगिन झालं, तिचा डेस्कटॉपचा फोटोसुद्धा होता तोच आला. सांजवारा, तुमच्या कमांडने एसएसएचही चालू झालं.

फोटोमध्ये काल मी तीन फाइली टाकल्या होत्या, बाकी काही नाही.

उंबरठा
त्या तीन फाइली आधी तुमच्या होममध्ये हलवा, त्यांचा नंबर बरोबर आहे, अदलाबदलीत त्या ताईच्या होऊन बसतील.

आता अदलाबदल. आधी १००० चं १००१ केलं आणि मग १००१ चं १००० केलं, तर दुसऱ्या वेळी सगळंच १००० होईल, आणि कोणाचं काय होतं ते कायमचं पुसलं जाईल. दोन वाट्यांतलं पाणी आणि दूध बदलायचं तर तिसरी वाटी लागतेच. तर कोणालाच न दिलेला एक नंबर घ्या, समजा ५०००:

सुडो चोन -आर --फ्रॉम=१००० ५००० /होम/फोटो
सुडो चोन -आर --फ्रॉम=१००१ १००० /होम/फोटो
सुडो चोन -आर --फ्रॉम=५००० १००१ /होम/फोटो

--फ्रॉम म्हणजे ज्यांचा सध्याचा मालक हा असेल त्यांनाच हात लाव. प्रत्येक ओळीनंतर एलएस -एलएन करून बघा, आणि शेवटी फाइंड /होम/फोटो -यूआयडी ५००० दिलं की काहीच यायला नको.

हे झालं की ग्रुप, म्हणजे दोघांना मिळून हक्क देता येतील असा गट. सुडो ग्रुपअ‍ॅड घर, मग सुडो यूजरमॉड -एजी घर धाकटा, तसंच ताईसाठी. इथे स्मॉल ए आणि कॅपिटल जी, आणि स्मॉल ए गाळू नका, गाळलात तर बाकीच्या सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडाल, सुडोच्या ग्रुपमधूनही. मग फोटोंचा ग्रुप बदला, चग्रुप -आर घर /होम/फोटो, आतल्या फोल्डरना २७७५ आणि फाइलींना ६६४, इथे प्रोग्राम नाहीत म्हणून फाइंड लावून बिनधास्त करा. हे सगळं सुडोने, कारण काही फाइली ताईच्या आहेत. सुरुवातीचा २ महत्त्वाचा, त्यामुळे पुढे जे नवीन बनेल त्याला आपोआप 'घर' हा ग्रुप मिळतो. शेवटी दोघांनीही लॉगआउट करून परत या, नवीन ग्रुप त्याशिवाय लागू होत नाही.

सांजवारा
याला एक जोड. यूमास्क (नवीन फाइलीचे कोणते हक्क काढायचे ते) ०२२ असेल तर नवीन फोटोला ग्रुप बरोबर लागेल पण ग्रुपला लिहिण्याचा हक्क नसेल, मग ताईने टाकलेल्या फोटोत तुम्हाला बदल सेव्ह करता येणार नाही. त्यासाठी डिफॉल्ट एसीएल (नवीन फाइलींना आपोआप लागणारी हक्कांची यादी) लावा, सुडो सेटएफएसीएल -आर -डी -एम जी:घर:आरडब्ल्यूएक्स /होम/फोटो, यात आर कॅपिटल, शेवटचा एक्स पण कॅपिटल. आणि होममधून फोटो तिकडे एमव्ही ने हलवलात तर तो जुना ग्रुप घेऊनच जातो, सीपी (कॉपी) केलात तर नवीन लागतो.

पाऊलवाट
झालं! आधी एका बाजूच्या ड्राइव्हवर बॅकअप घेतला आणि मग तिन्ही ओळी एकेक करून दिल्या, दुसऱ्या ओळीनंतर एलएस -एलएन मध्ये नुसते ५००० आणि १००० दिसत होते तेव्हा कुठे डोक्यात नीट शिरलं. ५००० आता एकही नाही. त्या तीन फाइली सीपी ने परत टाकल्या. ताईने तिच्या अकाउंटमधून माझ्या एका फोटोला नाव दिलं, सेव्ह झालं.

एकच राहिलं, पुढच्या वेळी सिस्टिम टाकताना परत असं होऊ नये म्हणून काय करू? ताईचं अकाउंट आधी बनवू का?

उंबरठा
नाही, आता तुम्ही १००० आहात, तर तुमचंच आधी. क्रमावर भरवसा ठेवायचा नसेल तर दुसरं अकाउंट बनवताना यूजरअ‍ॅडला -यू १००१ देऊन नंबर स्वतःच ठरवून द्या. 'घर' ग्रुपचाही नंबर गेटेंट ग्रुप घर देऊन आत्ताच बघून ठेवा, नवीन सिस्टिमवर ग्रुपअ‍ॅड -जी ने तोच द्यायचा, तिथे जी स्मॉल. तिन्ही नंबर कागदावर लिहून ठेवा, त्याच डिस्कवर नको.