पॅकेट लॉस: हानी, गळती की गहाळ?

घरचं नेट का तुटतंय ते कसं शोधायचं यावर मराठीत एक टिपण लिहितोय आणि पॅकेट लॉसपाशीच अडलोय, म्हणजे नेटवरून जाणारे डेटाचे छोटे तुकडे (पॅकेटं) पोचतच नाहीत, त्याला मराठीत काय म्हणायचं. 'पॅकेट हानी' लिहून बघितलं, पण कानाला बरं वाटेना. बोलताना आपण 'नेट अडकतंय', 'लॅग मारतंय' म्हणतो, पण ते झालं लक्षण, नेमकं काय होतंय ते त्यात येत नाही. काय लिहू?

———

हानी नकोच. जीवितहानी, वित्तहानी म्हटलं की नुकसान डोळ्यापुढे येतं आणि इथे तर नुसती मोजदाद आहे, १०० पाठवली, ९७ची पोच आली, ३चा पत्ता नाही. फाइल, अर्ज, टपाल यांचं असं झालं की आपण 'गहाळ झालं' म्हणतो ना, तेच लिहा. शिवाय पिंगमध्ये (समोरच्या यंत्राला पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघायची चाचणी) पॅकेट जाताना गेलं की त्याचं उत्तर परत येताना गेलं हे कळतच नाही, कळतं ते एवढंच की पोच आली नाही. गहाळ शब्दात दोन्ही बसतं.

पॅकेटचं मात्र पाकीट करू नका. तसं पाठवणाऱ्याचा न् घेणाऱ्याचा पत्ता त्यावर असतो म्हणजे अर्थ चपखल आहे, पण 'पाकीट गहाळ' वाचलं की लोकांना पैशाचंच पाकीट आठवणार. पॅकेट हा शब्द १९६०च्या दशकात ब्रिटनच्या डोनाल्ड डेव्हिस यांनी रूढ केला, तोही भाषातज्ज्ञाला विचारून, दुसऱ्या भाषांत सहज जावा म्हणून. मराठीत पॅकेट आधीच रुळलंय, मग बदलायचं कशाला?

———

गहाळला माझंही मत, पण गळती अगदीच टाकाऊ नाही हं. अडचण एवढीच की डेटा लीकलाही आपण माहितीची गळती म्हणतो, वाचणारा घाबरेल की आपलं काही बाहेर फुटलं की काय. पण गळणं आणि गाळणं यातला फरक इथे फार कामाचा आहे, कारण राउटरची रांग भरली की तो नवी आलेली पॅकेटं स्वतःच सोडून देतो, ते झालं गाळणं, ड्रॉपला मी हाच शब्द वापरतो. वायफायवर सिग्नल खराब होऊन जातात ती गाळलेली नव्हेत, ती वाटेत गेलेली. आणि ट्रेसराउटमध्ये (पॅकेटच्या वाटेतले राउटर एकेक टप्प्याने दाखवणारी चाचणी) मधलाच एखादा टप्पा लॉस दाखवतो न् पुढचे सगळे स्वच्छ असतात, त्याला तर गहाळसुद्धा म्हणू नका, तो राउटर फक्त उत्तर द्यायचं टाळतोय.

———

पटलं. आता असं लिहिलंय, बघा:

'आधी राउटरलाच पिंग करा, निदान १०० पॅकेटं पाठवा (विंडोजवर नुसतं पिंग केलं तर ४च जातात, त्यातलं एक गेलं तरी २५ टक्के दिसतं). इथेच पॅकेटं गहाळ होत असतील तर घरातच बघा, वायफाय सोडून केबल लावून पुन्हा मोजा. इथे सगळ्यांची पोच येतेय पण बाहेरच्या पत्त्याला पिंग केल्यावर पॅकेटं गहाळ होतायत, तर केबल लावूनच मोजलेले आकडे वेळेसकट लिहून ठेवा आणि नेट देणाऱ्या कंपनीला दाखवा.'

———

झकास. 'पोच' ठेवलीत ते फार बरं केलंत.