१९९४ ची ब्रिटिश टूरिंग कार मालिका : अल्फा रोमियोच्या पंखाचा वाद

प्रश्न : विक्रीच्या गाड्यांवर आधारलेल्या मोटारींच्या या शर्यत मालिकेत १९९४ च्या मोसमात गॅब्रिएले तार्क्विनी याने अल्फा रोमियो १५५ चालवत पहिल्या पाचही शर्यती जिंकल्या आणि शेवटी विजेतेपदही मिळवले. तरीही मे महिन्यात ओल्टन पार्क येथून त्याच्या संघाने माघार का घेतली होती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : शर्यतीच्या गाडीचा बाह्य आकार विक्रीसाठी बनवलेल्या किमान २५०० गाड्यांसारखाच असावा, असा नियम होता. अल्फाने त्यासाठी १५५ ची खास आवृत्ती काढली. तिच्यासोबत मागचा पंख (हवेच्या जोराने गाडी खाली दाबणारी आडवी पट्टी) उंच करणारे जोडभाग डिकीत सुटे दिले जात. शर्यतीत मात्र ते बसवूनच गाडी धावे आणि वळणावर मागची चाके रस्त्याला घट्ट धरून राहत. प्रतिस्पर्ध्यांच्या तक्रारीवरून गुण कापले गेले, म्हणून संघ निघून गेला. पुढे तडजोडीत गुण परत मिळाले, पण जुलैपासून पंख खालीच ठेवावा लागला. माझ्या मते अल्फाने नियमाचे शब्द पाळले, हेतूला मात्र सरळ बगल दिली.

उत्तर २ : एक पुरवणी जोडतो. १९९५ पासून पंख सर्वांनाच खुले झाल्याने अल्फाची आघाडी संपली. त्याच बदलामुळे व्हॉल्वोनेही आपली लांबलचक ८५० इस्टेट (मागे सामानासाठी छप्पर लांबवलेली गाडी) बाजूला ठेवून सेडान आणली. रिडेल आणि लामर्स या चालकांच्या त्या इस्टेटमध्ये एकदा शर्यतीपूर्वीच्या फेरीत मागच्या काचेआड खोटा कुत्रा बसवला होता, हे मला पंखाच्या वादापेक्षा जास्त लक्षात राहिले आहे.